आवाज कमी करा जी

वैशाली नगरच्या बाजारात एक काका जुन्या कॅसेटी विकतात. नाव मले आजही माहीत नाही, पण कॅसेट कानाशी हलवून पाहायच्या त्यायच्या सवयीची नक्कल मी फर्स्टक्लास करतो.

"काका, आमच्या कम्युनिटी रेडिओसाठी कोणीच न ऐकलेलं संगीत शोधून राहिलो."

त्यायनं खिशातली कॅसेट लावली. स्टीलच्या पाईपावर काकानंच चमच्यानं वाजवलेली धून, अन् मधेच काकू ओरडते, "आवाज कमी करा जी!"

"ती गेली. आवाज एवढाच उरला. जपून ने बेटा, फीत तुटली तं ती दुसऱ्यांदा जाईन."

जपून नेली, कॉपी करून परत दिली. कार्यक्रम लागला तेव्हा मी काकाजवळच बसलो होतो. रेडिओतून काकू ओरडली, अन् काकानं घाबरून पटकन आवाज कमी केला.