सज्जातली बातमी

इतकी वर्षं हे सांगायचं मी टाळलं. कोरोनात कानडी मुलखातल्या एका अग्रहारात, म्हणजे जुन्या ब्राह्मणवस्तीत, धर्मादाय दवाखान्याचा कारभार माझ्याकडे होता. नातेवाईक फाटकाबाहेर ताटकळत. रोज संध्याकाळी एक आया सज्जात येई आणि कमरेवर हात ठेवून ओरडे, "अज्जी, तुमच्या म्हाताऱ्यानं इडली खाल्ली! वर चटणीला नावं ठेवली!"

"बातमी डॉक्टर देतील," मी दटावलं.

"डॉक्टर ऑक्सिजन सांगतात, स्वामी. माणूस हसला, ते कोण सांगणार?"

मी तिला कामावरून काढलं. दुसऱ्या संध्याकाळी ती फाटकाबाहेर, त्याच लोकांत उभी राहून वर ओरडली, "पोरींनो, तुम्ही बोला की! किती जणींना काढतील?"

एकेक नर्स सज्जात येऊन बोलू लागली.

खाली जाऊन तिला 'चुकलं माझं' एवढंच म्हणायचं होतं. मी खिडकी लावून घेतली.