झाकलेली बादली

इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीतल्या आमच्या अलॉटमेंटवर, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीवर, शेजारच्या वाफ्यात मालावीच्या एक आजी भोपळे लावतात. नाव विचारायचं राहूनच गेलं. सामाईक नळावर त्या आधी बादली विसळतात, भरली की तिच्यावर ताटली झाकतात आणि मगच उचलतात.

एकदा मी आगाऊपणे म्हटलं, "अहो, भोपळ्यांनाच तर घालायचंय!"

"हाताला कुठं कळतं?" त्या हसल्या. "ओढ्याचं पाणी पिऊन माझी धाकटी बहीण गेली. पुढे गावात हातपंप आला. पण चांगलं पाणीही उघडं नेलं तर वाटेत बिघडतं, म्हणून आई झाकायला लावायची."

परवा भरलेली बादली नळाशी ठेवून मी फोनवर बोलत बसले. परतले, तर तिच्यावर त्यांची ताटली! आणि आजी स्वतःच्या बादलीवर हाताचा पंजा धरून वाफ्याकडे चालल्या होत्या.