एका ताऱ्याचे दोन

दुर्बीण करायला घेतली की तारे कमी दिसतात आणि किस्सेच जास्त जमतात. गारखेड्यात आमचं चौघांचंच मंडळ, पण सांगायला बसलो तर चहा गार होतो.

सगळ्याच्या मुळाशी सुलभाताई, निवृत्त विज्ञान शिक्षिका. मृगाच्या पट्ट्याजवळ एक फिका तारा आहे, तो खरं तर जोडतारा, एकमेकांलगतचे दोन. "नोकरीभर पोरांना जोडतारे शिकवले, स्वतः एकदाही पाहिले नाहीत. डोळे शाबूत आहेत तोवर बघणार," ताई म्हणाल्या.

*

आमच्या छोट्या दुर्बिणीतून तो एकच दिसायचा. चष्म्याचं दुकान चालवणारे रफिकभाई जास्त पॉवरचं आयपीस, म्हणजे डोळ्याशी लावायचं भिंग, घेऊन आले. "अब देखो, ताई."

तारा मोठा झाला, पण राहिला एकच.

"भजी कढईतच चिकटलीत, रफिकभाई. भिंगातून बघितलं तर मोठी चिकटलेली भजीच दिसणार!" ताई म्हणाल्या.

दुर्बिणीचं तोंड जेवढं लहान, तेवढी ताऱ्याची चकती फुगते आणि शेजारचे दोन तारे एकमेकांत मिसळतात. तिथं पॉवर वाढवून उपयोग नाही, दुर्बिणीतला प्रकाश गोळा करणारा आरसाच मोठा हवा. तो घरीच घासायचं ठरलं.

*

आरसा घासायचा म्हणजे पिंपावर एक काच ठेवायची, दुसरी तिच्यावर फिरवायची आणि आपणही पिंपाभोवती फिरत राहायचं. गच्चीवरचा हा प्रकार पाहून शेजारच्या काकू हळदकुंकू घेऊनच वर आल्या.

"कुठल्या देवाचं आहे?"

ताई न थांबता म्हणाल्या, "अजून घडवतोय."

*

पॉलिशच्या वेळी आधीच्या घासायच्या जाड पावडरचा एक कण राहिला आणि काचेवर लांब ओरखडा उठला. चिकलठाण्याला कंपनीत असलेला खंडू, आमच्यातला सर्वांत दणकट गडी, मटकन खाली बसला.

"ताई, आता वं?"

"आता चहा. मग पहिल्यापासून."

मला रडू यायचं बाकी होतं. त्या मात्र पिंप धुवायला लागल्या.

*

शहरात उजेड फार, म्हणून तयार दुर्बीण लासूर स्टेशनजवळ खंडूच्या शेतात नेली. शेळ्या बांधून त्याचा चुलता आला.

"काय करायलात?"

"एका ताऱ्याचे दोन करायचेत, काका," मी म्हटलं.

"आमच्या शेळीला येवढी माणसं लागत नाय."

*

अंधार पडला, मृग वर आला. ताईंनी आधी आम्हाला बघायला लावलं.

"दोन हायेत, ताई," खंडू म्हणाला.

"एकदम साफ, दो," रफिकभाई म्हणाले.

मीही म्हटलं, "दोनच."

मग ताईंनी डोळा लावला.

"मला एकच दिसतोय. धाकटा कुठल्या बाजूला आहे?"

खंडूनं डावीकडं हात केला, रफिकभाईंनी उजवीकडं, मी वर.

ताई उठून दुर्बिणीच्या तोंडाशी गेल्या. चंद्र बघताना उजेड डोळ्यांवर येतो म्हणून आम्ही झाकणाला लिंबाएवढं भोक ठेवलं होतं, आणि ते झाकण तसंच राहिलं होतं. एवढा मोठा आरसा घासून आम्ही सगळे त्या भोकातून बघत होतो! त्यांनी झाकण काढलं आणि पुन्हा डोळा लावला. हसल्या, पदरानं डोळे पुसले, परत बघू लागल्या.

"ताई, आमाला बी बघू द्या की," खंडू म्हणाला.

डोळा न काढता ताई म्हणाल्या, "तुमचे दोन मघाशीच बघून झालेत की."