शिल्लक घरांची जागा

माझा हिशेब पक्का, हे वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. ज्यांना नव्हतं त्यांना मी सांगितलं. त्यामुळे रिडेव्हलपमेंटची पाच जणांची कमिटी घरांच्या प्रमाणात नेमायची ठरली, तेव्हा जागांची वाटणी माझ्याकडेच आली.

मोठ्या बिल्डिंगमध्ये सेहेचाळीस घरं, आमच्या मधलीत चोवीस, मागच्या छोटीत दहा. म्हणजे सोळा घरांमागे एक जागा. मोठीला दोन, आम्हाला एक, उरल्या दोन. आमच्याकडे टँकरचं उरलंसुरलं पाणीसुद्धा आधी मोठ्यांकडे वळतं, छोटीकडे शेवटी. सेक्रेटरींची रीतही त्याच वळणाची: आणखी एक जागा दिली तर दर जागेमागे जिथे जास्त घरं पडतात, तिथे ती द्यायची. आमच्या दोन झाल्या तरी प्रत्येकीमागे बारा घरं. छोटीकडे मुळात दहाच. म्हणून एक मोठीला, एक आम्हाला. आणि आमची ती दुसरी जागा माझी, हे सगळे धरून चालले होते. मीही.

छोटीच्या तळमजल्यावरच्या काकू खिडकीतून पोळीभाजी विकतात. बिल्डरच्या प्लॅनमध्ये तळमजल्यावर नुसतं पार्किंग. मी त्यांना म्हटलं, "काकू, काळजी नको, तुमचं मी मांडते."

तव्यावरची पोळी उलटत त्या म्हणाल्या, "मांडशील गं. पण आधी तुझ्या बिल्डिंगचं मांडशील ना?"

मला रागच आला. रागातच घरी येऊन पुन्हा हिशेब केला. सोळा-सोळा घरांच्या पुऱ्या जागा दिल्यावर मोठीची चौदा घरं शिल्लक, छोटीची दहा, आमची आठ. आमची सोळा घरं एकदा मोजून झाली होती. काकूंची दहा कुठेच धरली नव्हती.

सभेत मी सांगितलं, उरलेल्या जागा जिथे जास्त घरं शिल्लक, तिथे द्या.

सेक्रेटरी कुजबुजले, "अहो ताई, तुमचीच सीट जातेय!"

"जाऊ दे. मोजा."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मोठीला दोन्ही रीतींनी तीनच मिळत होत्या, तिने खुशाल हात वर केले. आमच्या जिन्यात मात्र बरेच दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नाही.

कमिटीच्या पहिल्या मीटिंगला छोटीच्या जागेवर काकू होत्या, मी नुसती ऐकायला मागच्या खुर्चीवर बसले होते. काकूंनी रस्त्याच्या बाजूला एक गाळा मागितला. बिल्डरचा माणूस हसून म्हणाला, "बघू या, काकू."

"बघू नको. लिही."

त्याने पेन काढलं. मी त्या जागेवर असते, तर 'बघू या'वर खूश होऊन घरी आले असते.