झुंबरबाईच्या आमटीला कुणी चांगलं म्हणेना

राहू गावात कुणाच्या घरी काय शिजतं, हे मला विचारावं. माझी पिठाची गिरणी आहे. गव्हाचा डबा नेहमीपेक्षा मोठा आला की त्या घरी पाहुणे यायचेत. हुलगे आले की कुणाला तरी शेंगोळ्यांची तल्लफ आलीय. आणि डबाच आला नाही की नवराबायकोत काहीतरी बिनसलंय. मी होऊन कुणाला विचारत नाही. गिरणीच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागतं, म्हणून बायका आपणहून सगळं ओरडून सांगतात.

त्यात सगळ्यात मोठ्यानं सांगणारी झुंबरबाई. माझ्याच वयाची, दोन घरं सोडून राहते, आणि आहे जळकी. तिच्या तोंडावर म्हणते मी, मग इथं म्हणायला काय हरकत आहे? कुणाची नवी गाडी येऊ दे, कुणाचा बंगला होऊ दे, ही खुशाल पेढा खाऊन येईल. पण दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकाला कुणी चांगलं म्हटलं की हिच्या पोटात दुखायला लागतं. त्यातून ती दुसरी बाई म्हणजे धाकटी जाऊ नीलम असली, तर विचारूच नका.

झुंबर मूळची केंदूरची. माहेर कोरडवाहू, बाजरी आणि हुलग्यावर वाढलेलं. राहूला आली ती उसाच्या घरात. सासू जी चुलीपुढून उठली ती परत बसलीच नाही. घरची माणसं, गडी, गुऱ्हाळ चालू असलं की तिथले कामकरी, सगळ्यांच्या भाकरी हिच्या हातच्या. धाकटा दीर पप्पू तेव्हा नाकातला शेंबूडही पुसत नव्हता. त्याला हिनंच भरवलं, हिनंच मोठं केलं.

हात मात्र सोन्याचा. मला स्वयंपाकातलं जे थोडंफार कळतं ते तिच्यामुळं. पीठ जुनं होऊन विरी गेलं, चिकटपणा जाऊन भाकरी थापताना चिरायला लागली, तर बायका माझ्या गिरणीला दोष देतात. झुंबर म्हणते, जात्याला शिव्या देण्यापेक्षा उकळतं पाणी घाल आणि चांगलं मळ. पिठल्याला आधी पाण्यात पीठ कालवून घ्यावं, म्हणजे गुठळी होत नाही. आमटीत लागणारं जास्तीचं पाणी गरमच घालावं, गार घातलं की मसाला रुसतो. आणि लसूण तांबूस झाला की कढई उतरव, काळा होईपर्यंत फोनवर बोलत बसू नकोस. हे शेवटचं नीलमला उद्देशून असायचं, नीलम समोर नसली तरी.

आता आबांचं सांगते. आबा म्हणजे हौसराव, झुंबरचे सासरे. ऐंशीच्या पुढचे, ताठ, दात शाबूत. आबा जेवायला बसले की ताटाची झडती सुरू. भाकरी जाड झालीया. ठेचा कुठाय? ह्या आमटीत खोबरं घातलंस का नुसतं दाखवलंस? कांदा फोडून द्यायला काय मुहूर्त बघतीस व्हय? असं बोलत बोलत सगळं ताट चाटूनपुसून खायचे आणि वर वाटी पुढं करायचे. चांगलं झालंय, हा शब्द त्यांच्या तोंडून त्या घरात कुणी ऐकला नव्हता. आमच्याकडं जुन्या माणसांत ते नव्हतंच. घरच्या जेवणाला चांगलं म्हणायचं म्हणजे काय, आपलंच आपण कौतुक केल्यासारखं.

पप्पूचं लग्न झालं, शिरूरची नीलम आली, आणि यथावकाश चुली वेगळ्या झाल्या. थोरला मल्हारी आणि झुंबर गावात राहिले, पप्पू-नीलमनं मळ्यात बंगला बांधला. सासू त्याआधीच गेलेली. आबांचं ठरलं ते सगळ्या गावात ठरतं तसं. एक अमावस्या ते दुसरी अमावस्या थोरल्याकडं जेवायचं, पुढचा महिना धाकट्याकडं. अमावस्या झाली की दुसऱ्या सकाळी वळकटी, काठी आणि गोळ्यांची पिशवी घेऊन आबा या घरातून त्या घरात.

भांडण काहीच नव्हतं. पण आबा मळ्यातून परत आले की झुंबरच्या ओट्यावर बसून सांगायचे, नीलमनं ते पनीर केल्तं, झकास. नीलमची आमटी झकास. नीलमनं मोबाइलात बघून कायतरी लांबडं लांबडं केल्तं, ते बी झकास.

ते ऐकून झुंबरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दळण ठेवायच्या निमित्तानं ती माझ्याकडं यायची.

"सखू, तिची आमटी मी खाल्लीया. पान्यात डाळ पोहतीया. आन् त्ये झकास?"

"म्हाताऱ्याच्या तोंडाची चव गेली असंल," मी म्हणाले.

"माझ्या घरी बरी चव येती. माझ्या भाकरीची जाडी त्यांस्नी बरी कळती."

मग एकदा हिनं चिडून यवतहून पनीर आणवलं. चांगला काळा मसाला घालून रस्सा केला. आबांनी एक फोड चावली, बाजूला काढून ठेवली आणि म्हणाले, "ह्ये रबार कशाला घातलंस? उद्या पिठलं कर." झुंबर त्या दिवशी जेवली नाही. पनीर सगळं मल्हारीनं संपवलं, त्याला कशानंच काही होत नाही.

मी तिला समजावलं असंही नाही. खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायची. बाई इतकी चांगली रांधते आणि कौतुकासाठी इतकी तडफडते, याचं मला हसू यायचं. माझ्या हातच्या भाजीला आमच्या घरी कुत्रंही विचारत नाही, मी काय करते? गिरणी चालवते.

यंदा थंडीत मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. झुंबरचा महिना संपत आला होता. तिनं शेंगोळे केले होते. हुलग्याचं पीठ माझ्याकडूनच ताजं दळून नेलेलं, हातावर वळून केलेले, झणझणीत. आबांनी एक शेंगोळं तोंडात टाकलं.

"लसूण मोजून घातलास व्हय गं?"

रोजचंच बोलणं. पण त्या दिवशी सकाळीच आबा कुणाला तरी नीलमच्या पुलावाचं सांगत होते, ते हिनं ऐकलं होतं. हिनं पळी कढईत आपटली.

"आबा, तिकडं समदं झकास लागतंया तुमाला. पानीपानी आमटी झकास, रबार झकास. मी जलमभर चुलीम्होरं बसले, मला कवा एक शबूद चांगला बोलला न्हाईत. नावं तेवढी मला ठेवायची. आता पुन्यांदा याल तवा चांगलं म्हणून खायाचं आसंल तर या, न्हाईतर तिकडंच ऱ्हावा."

मल्हारी ताटावरून उठायच्या बेतात होता, तो तसाच बसून राहिला. आबांनी हातातलं शेंगोळं खाल्लं, नंतर बाकीचेही खाल्ले. वाटी पुढं केली नाही. "बरं," एवढंच म्हणाले. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी ते मळ्यात गेले. हे सगळं झुंबरनंच मला सांगितलं आणि वर म्हणाली, बरी जिरवली.

पण जिरवून ती गप्प बसणारी नव्हती. त्या नीलमच्या आमटीत असतं तरी काय, हे तिला डोळ्यानं बघायचं होतं. शेवग्याच्या शेंगांची जुडी काखोटीला मारून ती जेवायच्या वेळी मळ्यात गेली. आबा नुकतेच टेबलावर जेवायला बसले होते. नीलमनं हिलाही आग्रहानं बसवलं, ताट वाढलं. आबांनी आमटीत भाकरी कुस्करली, चार घास खाल्ले.

"झकास झालीया गं," आबा म्हणाले.

झुंबरनं पहिला घास घेतला. आमटीत मीठ नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. तिनं आबांकडं बघितलं. आबा मान खाली घालून जेवत होते. त्यांची अर्धी वाटी संपली होती.

एवढ्यात नीलमनं चव घेतली. "अगं बाई, मीठ राहिलं की. आबा, सांगायचं न्हाई का?"

"आसू दे की. चांगली लागतीया."

नीलम उठून स्वयंपाकघरात गेली. मीठ घेऊन लगेच येईना म्हणून झुंबर मागं गेली, तर ती ओट्याशी उभी राहून पदरानं डोळे पुसत होती.

"आक्का, तुमच्याकडं आबा मागून खात्यात, कटकट करत्यात, असं ह्यांनी सांगितलं मला. माझ्याकडं एवढ्या वर्षांत ठेचासुद्धा मागितला न्हाई त्यांनी. काय बी करा, झकास म्हणत्यात आन् उठत्यात. मीच काय परकी आहे का?"

झुंबरनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिथून निघाली ती थेट माझ्या गिरणीत, दळण नसताना. तिचं तोंड असं फुललं होतं की हत्तीवरून साखर वाटायची तेवढी बाकी होती.

"सखू, पाव्हना हाय त्यो तिथं, पाव्हना. पाव्हना कवा अन्नाला नाव ठेवतो का? आळणी आमटी गिळली म्हाताऱ्यानं, आन् झकास म्हणला. माझ्या घरी आसं झालं आसतं तर वाटी भिताडावर गेली आसती."

"मग ती पोर रडत होती त्याचं काय?"

"रडू दे की जरा," झुंबर म्हणाली. मग तिलाच बरं वाटलं नाही. "शिकवीन मी तिला. पर आबा माझ्याच घरचं."

राहिलेला महिना तिनं लग्नघर असल्यासारखा काढला. घर सारवलं, नवा काळा मसाला कुटला, बाजरी माझ्या समोर उभी राहून दळून घेतली. पीठ हातात घेऊन म्हणाली, बारीक काढ सखू, जाड भाकरी म्हणाले तर चूक माझी असू दे, पिठाची नको. नावं ठेवून घ्यायला इतकी उतावीळ बाई मी दुसरी बघितली नाही.

अमावस्या झाली. आबा आले, वळकटी नेहमीच्या कोपऱ्यात ठेवली. मी जनावरांचा भरडा द्यायला गेले होते, झुंबरनं मला बसवूनच घेतलं. तिला साक्षीदार हवा होता. चुलीपाशी वाकून माझ्या कानात म्हणाली, "आज मीठच घातलं न्हाई. बघ आता कसा भडका उडतो." आणि तोंडावर पदर धरून हसली. मल्हारी अजून शेतावरून यायचा होता.

तिनं ताट वाढलं. भाकरी, आमटी, वांग्याची भाजी. ठेचा मुद्दाम वाढला नाही. कांदा मुद्दाम फोडला नाही. आबांनी भाकरी कुस्करली, आमटी ओतली, पहिला घास घेतला. झुंबर पळी हातात धरून उभी. मीही भरड्याचा डबा मांडीवर तसाच धरून बसले.

आबांनी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. मग वर बघून म्हणाले, "चांगली झालीया आमटी."

झुंबर माझ्याकडं बघून हसली. बहुतेक तिला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. आबा जेवत राहिले, सावकाश, खाली बघून. ठेचा मागितला नाही. कांदा मागितला नाही.

"आबा, मीठ न्हाई त्यात," झुंबर म्हणाली.

"आसू दे. चांगली लागतीया."

"आबा, मीठच घातलं न्हाई मी. मुद्दाम घातलं न्हाई."

"व्हय? न्हाई कळलं मला. झकास झालीया."

मला उठून जावंसं वाटत होतं. झुंबर आबांच्या समोर जमिनीवर बसली. पळीतली आमटी तिच्या लुगड्यावर सांडली, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

"आबा, नावं ठेवा की वो," ती म्हणाली. "मी त्या दिशी रागानं बोलले. ठेवा की नावं."

"कशाला ठेवू? चांगलं केलंयस."

आबांनी शेवटचा घास खाल्ला. ताटातच हात न धुता ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मग वाकले आणि ज्या घरात त्यांनी आयुष्यात कधी आपलं ताट उचललं नव्हतं, तिथलं ताट उचलून ते स्वतः मोरीत ठेवून आले.