कोलंबीच्या सालांवरचा मोगरा

बोईसरच्या आमच्या सोसायटीत नाकं फार नाजूक. कारखान्यांकडून वारा सुटला की सगळे मुकाट खिडक्या लावून घेतात. पण तळमजल्यावरच्या गोदूमावशीकडे बोंबील शिजले की लगेच कपाळाला आठ्या.

मावशी शिरगावच्या कोळीण. उभा जन्म मासळी वाळवण्यात नि विकण्यात गेला. मुलगा निमेश कारखान्यात लागला, त्यानं इथे फ्लॅट घेतला, म्हणून त्या आल्या. कंपाऊंडच्या भिंतीलगत त्यांनी मोगरा लावला. मासळी साफ केली की डोकी, आतडी, कोलंबीची सालं मुळापासून हातभर लांब खड्ड्यात घालायच्या, वर सुका पाला, त्यावर वीतभर माती. वास नावाला नाही. मोगरा असा फुलला की आमचे अध्यक्ष दिग्विजयराव रोज देवाला त्याचीच फुलं नेत. देवाला फूल चालतं, फुलाचं खाणं यांना चालत नाही.

गेल्या महिन्यात मावशींना ताप आला. मासळी निमेशनं साफ केली, घाण खड्ड्यात ओतली आणि माती न लोटताच कामावर गेला. कोळ्याचा पोर असून एवढं कळू नये? दुपारपर्यंत मांजरांनी सगळं आवारभर केलं. वास सुटला आणि संध्याकाळी मीटिंग बसली.

मावशी तापातच येऊन माझ्या शेजारी बसल्या. निमेश समोरच्या रांगेत होता. खरं काय ते त्यांनी मला सांगितलं होतं. मी बोलायला उठले तर माझा हात दाबून धरला.

"तू नको. त्यो सांगंल."

दिग्विजयराव म्हणाले, "या बाईंनी सोसायटीचा मासळीबाजार केलाय. खड्डा बुजवून वर लादी घालू. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

मावशी लेकाकडे बघत होत्या. निमेशनं मोबाईलमध्ये मान घातली आणि हात वर केला. मला असा संताप आला की तिथेच त्याचा कान धरावा. आईला उघड्यावर टाकून हा चार शहाण्यांत बसायला निघाला होता.

सकाळी मावशींनी मोगरा मुळांसकट उपटून गोणपाटात बांधला. रिक्षा दारात उभी होती.

"आये, शिरगावला कशाला जातेस? मी बोलतो त्यांच्याशी."

"माती लोटायला इसरलास, त्याचं काय नाय. मी पन इसरते कदी कदी," मावशी म्हणाल्या. "पन ज्या हातानं मासळी साफ केलीस, तोच वर केलास."

गोणपाट उचलू लागायला त्यानं हात पुढे केला. मावशींनी तो बाजूला सारला आणि मला हाक मारली.