ब्लेड न लागलेल्या काचेवरचा ओरखडा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कुणी "काका, तुम्हीसुद्धा?" असं विचारायला नको. माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. कर्वेनगरात माझं गाड्यांच्या काचांना फिल्म लावायचं दुकान आहे. दर शनिवारी लिंबू-मिरची बांधायला एक जण येतो आणि मी त्याला गेली कित्येक वर्षं पायरीवरूनच परत पाठवतो. ज्योतिष, वास्तू, नजर... सगळं रिकामटेकड्यांचं काम, असंच म्हणत आलो. अजूनही म्हणतो. फक्त आवाज जरा खाली आलाय.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधी समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. फिल्म काचेच्या आतून बसते, पण कापताना ती बाहेरून, साबणाच्या पाण्यावर चिकटवतात, काचेच्या कडेने ब्लेड फिरवतात आणि मग सोडवून आत लावतात. म्हणजे ब्लेड थेट गिऱ्हाइकाच्या काचेवर चालतं. इथे ब्लेड निवडायला अक्कल लागते. कार्बनचं ब्लेड काळपट, कडक, धार भरपूर टिकणारं... पण काचेला चावतं, आणि ओलं राहिलं की गंजतं. स्टीलचं पांढरं, मऊ. त्याची धार लवकर जाते, म्हणून प्रत्येक काचेनंतर टोक मोडून टाकायचं. कार्बनचं फक्त टेबलावर, काचेवर स्टीलचंच.

हे मला शिकवलं हमीदचाचांनी. वीस-बावीस वर्षांपूर्वी टिळक रोडच्या मागच्या बाजूला एका शेठच्या दुकानात आम्ही दोघं फिटर होतो. चाचा पन्नाशीचे, मी सव्वीसचा. काळ्या काचांवर बंदी यायची होती, गाडी आली की काळी करून द्यायची असा जमाना होता. चाचा मोडलेल्या ब्लेडचं नवं टोक आधी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावरून हळूच ओढून बघायचे. जरा अडकलं की फेकून द्यायचे. म्हणायचे, "दिल्या, दाबायचं नाही. ब्लेड झोपवून धर. ब्लेडला स्वतःचं वजन असतं, तुझं कशाला देतोस?"

आता जे घडलं ते.

दसऱ्याचा आदला दिवस. सगळ्यांना गाडी उद्या पूजेला तयार हवी. एक नवीकोरी गाडी आम्ही दोघं मिळून करत होतो. चाचा आत बसून मागच्या काचेच्या फिल्मखालचं पाणी काढत होते. ड्रायव्हरच्या बाजूची काच कापायची माझी. माझ्या कटरचं लॉक सकाळीच मोडलेलं, म्हणून बॉनेटवर पडलेला चाचांचा कटर मी उचलला. त्यातलं ब्लेड संपलेलं. स्टीलची पाकिटं माळ्यावर होती, कार्बनचं टेबलावर, हाताशी. माळ्यावर चढायचा मला आला कंटाळा. कार्बनचं घातलं, काच कापली, कटर परत बॉनेटवर ठेवला. दोन मिनिटांचं काम!

फिल्म सोडवली तर काचेच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात बोटभर लांबीचा, किंचित वाकडा ओरखडा. नख अडकत होतं. नख अडकलं की तो पॉलिशने जात नाही, काचच बदलावी लागते.

गाडी न्यायला मालक आला आणि त्याने आरडाओरडा सुरू केला. शेठ बाहेर आला, त्याने बॉनेटवरचा कटर उचलून पाहिला. कटर चाचांचा, आत कार्बनचं ब्लेड. चाचांचं महिन्यापूर्वीच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. शेठ सगळ्यांसमोर म्हणाला, "हमीदभाई, तुम्हाला आता काळं ब्लेड कुठलं आणि पांढरं कुठलं तेही दिसेना. घरी बसा."

चाचा काही बोलले नाहीत. मीही नाही. माझं लग्न ठरलं होतं, नोकरी जाऊन चालणार नव्हतं... ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली आणि पुढे वीस वर्षं देत राहिलो. नालायकपणाला कारणांची कधी टंचाई नसते.

चाचा त्या दिवशी गेले ते गेले. हमीदला दिसत नाही, ही बातमी आठवड्याभरात सगळ्या फिल्मवाल्यांकडे पोचली. पुण्यात कुणी त्यांच्या हातात काच दिली नाही. मी पुढे माझं दुकान टाकलं.

मागच्या उन्हाळ्यात हे सुरू झालं. नारायण पेठेतले एक निवृत्त मुख्याध्यापक गाडी घेऊन आले, उन्हासाठी पारदर्शक फिल्म हवी होती. काम झालं, त्यांनी चष्मा सारखा केला, ड्रायव्हरच्या काचेजवळ वाकले आणि म्हणाले, "अहो, आम्ही फिल्म लावायला सांगितली होती. आपण सहीही केलीत?"

वरच्या मागच्या कोपऱ्यात बोटभर ओरखडा. किंचित वाकडा.

माझ्या हातात स्टीलचं ब्लेड होतं. नवीन टोक, नखावर पाहिलेलं. तरी म्हटलं, असेल बुवा, काचेवर धुळीचा कण राहिला असेल. काच बदलून दिली. चार दिवसांनी हिंजवडीचा एक पोरगा आला, गाडी शोरूममधून थेट माझ्याकडे. तोच कोपरा, तोच ओरखडा. "सर, व्हॉट इज धिस यार? अजून नंबर प्लेटसुद्धा लागली नाहीये!" मग तिसरी गाडी. मग चौथी.

मी काय काय केलं नाही? ब्लेडची कंपनी बदलली. काच तीन तीनदा धुतली. काम सुरू करायच्या आधी गिऱ्हाइकाला उभं करून, टॉर्च मारून काच दाखवायची आणि फोटो काढायचा, असा नियम केला. फोटोत काच स्वच्छ. काम झालं की ओरखडा. फक्त ड्रायव्हरच्या बाजूला, आणि फक्त मी काम केलेल्या गाडीला.

शेवटी ठरवलं, काचेला ब्लेड लावायचंच नाही. माझ्याच जुन्या व्हॅनच्या काचेचा कागदावर साचा काढला, फिल्म आत टेबलावर कापली आणि कटर ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. बायकोला, सुनंदाला, घरून बोलावून घेतलं. दुपारचे बारा, रस्त्यावर लख्ख ऊन. तिला म्हटलं, "या काचेवरून नजर हलवू नकोस." मी आतून फिल्म बसवली, रबराने पाणी काढलं. बाहेरून काचेला हातसुद्धा लावला नाही. खाली उतरलो तेव्हा सुनंदा कोपऱ्याकडे बोट दाखवत उभी होती.

"अहो, मी बघतच होते... नव्हता हो! नव्हता, आणि मग होता."

माझा चेहरा बघून तिने विचारलं, "तुम्ही काय लपवताय?" आणि दुकानाच्या पायरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या लग्नाचं नाव पुढे करून तुम्ही त्या माणसाला देशोधडीला लावलंत. मला विचारलं असतंत, तर मी थांबले असते की वर्षभर." त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

पाचव्या दिवशी मी कोंढव्याला गेलो. चाचा तिथे लेकीकडे राहतात. शबानाने दार उघडलं, मला ओळखलं, "या, दिलीपभाऊ," म्हणाली. चाचा खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते. चष्मा नव्हता. ऑपरेशन उत्तम झालं होतं... तेव्हाच.

मी उभ्या उभ्याच सांगितलं, "चाचा, त्या दसऱ्याचा ओरखडा माझा होता."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. पेपर खाली ठेवला नाही.

"कधीपासून?"

"अरे, माझ्या कटरमध्ये कार्बनचं ब्लेड मी घालीन काय? शेठला कटर धरता येत नव्हता. उरलं कोण?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. शेठ बोलत होता तेवढा वेळ मी तुझ्याकडंच बघत होतो. तू खाली मान घालून स्पंज पिळत होतास. पाणी संपलं तरी पिळत होतास." त्यांनी पान उलटलं. "नंतर अकरा वर्षं एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमन होतो. निम्म्या गाड्यांच्या काचा मीच केलेल्या. एकीवर ओरखडा नव्हता."

आणि मग मी मूर्खपणा केला. म्हटलं, "चाचा, माझ्या प्रत्येक गाडीवर तसाच ओरखडा येतोय. तुम्ही मनातून काही... म्हणजे, एकदा माफ केलंत तर..."

आता मात्र त्यांनी पेपर खाली ठेवला. "मी काय भानामती करतो होय रे? म्हणजे तू काचेसाठी आलास. मला वाटलं, माझ्यासाठी आलास."

चहा आला होता. मी कप तसाच खाली ठेवला.

"माझी माफी मागून काय उपयोग?" चाचा म्हणाले. "मला तर खरं काय ते माहीत होतंच. ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन सांग."

दुसऱ्याच दिवशी शेठच्या बंगल्यावर गेलो. शेठ आता म्हातारा झालाय, झोपाळ्यावर बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, "कोण हमीद?" दोन-तीनदा आठवण करून दिली. "असेल असेल. जाऊ द्या हो, जुन्या गोष्टी." ज्याच्या एका वाक्याने माणूस संपला, त्याला तो माणूसच आठवत नव्हता. मला राग आला... आणि राग यायचा हक्क मला नाही, म्हणून आणखी आला.

मग जुन्या फिल्मवाल्यांकडे गेलो, एकेका दुकानात. तिथे मात्र सगळ्यांना आठवत होते. "हमीद? अरे हां, आंधळा हमीद! त्याने ती नवी गाडी खराब केली होती ना?" मी सांगत होतो, त्यांनी नाही, मी केली. लोक हसून चहा मागवत होते. एकाने माझ्या खांद्यावर थोपटून म्हटलं, "जाऊ दे रे, म्हाताऱ्यासाठी एवढं अंगावर घ्यायची गरज नाही." खोटं पसरायला एक आठवडा लागला होता. खरं मी तीन आठवडे सांगत हिंडलो, त्यावर एकाचाही विश्वास बसला नाही.

त्यानंतर ओरखडे थांबले. कुठल्या दिवशी, तेही मला नेमकं सांगता येत नाही. एक गाडी स्वच्छ गेली, मग दुसरी, मग सगळ्याच. सुनंदा म्हणते चाचांनी माफ केलं असेल. मला तसं वाटत नाही. मी नंतर दोनदा कोंढव्याला गेलो. दोन्ही वेळा शबानाने दारातच सांगितलं, "अब्बा झोपलेत." दोन्ही वेळा सकाळचे अकरा वाजले होते.

काचेच्या कंपनीतल्या एका इंजिनिअरला विचारून पाहिलं. तो म्हणाला, काचेत ताण असतो, उन्हाने असं होऊ शकतं. एकाच कोपऱ्यात? एकाच लांबीचा? दर वेळी? त्यावर तो हसला. तुमच्यापैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. माझ्याकडे नाही. तो का यायचा ते कळलं नाही आणि का थांबला तेही नाही.

एवढंच ठामपणे सांगू शकतो, आणि बाजारात कुणी ऐकून घेतलं नाही म्हणून इथे लिहितोय — हमीदचाचांना दिसत होतं. त्या दसऱ्याला, तिथे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांत, नीट दिसत होतं ते फक्त त्यांनाच.